माहितीपर पुस्तकांतून मुलांना जपानची ओळख: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

शाळांमध्ये आणि बालवाचनालयांमध्ये परक्या देशाची ओळख बहुतेक वेळा एकाच पद्धतीने करून दिली जाते. ‘देशोदेशीची माहिती’ छापाचं एक जाड पुस्तक कपाटातून निघतं. राजधानी, चलन, राष्ट्रध्वज फळ्यावर येतात. मग किमोनो, सुशी, चेरीचा बहर. मुलं ध्वज रंगवतात, ते भिंतीवर लागतात आणि विषय संपतो. महिनाभराने विचारलं तर त्यांच्याकडे उरलेलं असतं ते इतकंच: जपानी लोक किमोनो घालतात, कच्चे मासे खातात आणि फार शिस्तीचे असतात. एवढं तर त्यांना पुस्तक उघडण्याआधीही ठाऊक होतं.

पुस्तकं चांगली असूनही हे होतं, कारण क्रम चुकतो. सगळा देश एकदम दाखवायला गेलं की मुलांच्या हाती फक्त ठसे, म्हणजे ठोकळेबाज कल्पना लागतात. त्याऐवजी त्या देशातल्या मुलांच्या जगण्याचा एक छोटा कोपरा धरावा, त्यावर दोन-तीन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत आणि प्रत्येक विधानाला ‘कोण, कुठे, कधी’ हे विचारण्याची सवय लावावी. खालची पद्धत साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवड्याला एक तास धरला तर सहा-सात आठवडे लागतात. उदाहरण जपानचं घेतलं आहे. घरी एका मुलासोबत करायचं असेल तरी क्रम हाच ठेवा.

टप्पा १: देश ठरला, आता कोपरा ठरवा

‘जपानची संस्कृती’ हा विषय मुलांना पेलत नाही. ‘जपानमधल्या प्राथमिक शाळेतला दिवस’ हा पेलतो. त्यात जेवण येतं, स्वच्छता येते, शाळेत जायचा रस्ता येतो, दप्तर येतं, सुट्ट्या येतात, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मुलांचं स्वतःचं काहीतरी म्हणणं असतं.

कोपरा ठरला की त्यावर चार-पाच प्रश्न लिहून काढा. उत्तर एका शब्दात देता येणार नाही असेच प्रश्न ठेवा. ‘दुपारी काय खातात?’ यापेक्षा ‘दुपारचं जेवण कोण वाढतं, कुठे बसून खातात, नंतर कोण आवरतं?’ हा प्रश्न खूप पुढे नेतो. आपल्याकडे शालेय पोषण आहार असलेल्या शाळेतल्या मुलांना तर हा प्रश्न लगेच जवळचा वाटतो. खिचडी कोण शिजवतं, कोण वाढतं, ताटं कोण धुतं हे त्यांना रोज दिसत असतं.

तपासा: तुम्ही लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर गुगलवर एका ओळीत सापडतंय का? सापडत असेल तर तो प्रश्न बदला.

टप्पा २: पुस्तकं निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक जाड पुस्तक पुरत नाही. पाच-सहा पातळ पुस्तकं हवीत, आणि ती वेगवेगळ्या जातीची हवीत:

- छायाचित्रांचं एक पुस्तक, शक्यतो एखाद्या खऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या दिवसावरचं
- आठवणींचं एक पुस्तक, म्हणजे तिथे लहानाचं मोठं झालेल्या माणसाने लिहिलेलं
- भूगोल किंवा निसर्गावरचं एक, ज्यात भूकंप आणि ज्वालामुखी येतील
- कृतीचं एक, उदाहरणार्थ कागदाच्या घड्यांचं
- संदर्भासाठी नकाशासंग्रह आणि विश्वकोश

मराठीत अशी पुस्तकं कमी आहेत हे खरं, पण काम अडण्याइतकी कमी नाहीत. आठवणींच्या पुस्तकासाठी ‘तोत्तोचान’ आहेच. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानीत १९८१ मध्ये आलं आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीत आणलं. बऱ्याच शाळांच्या कपाटात ते असतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी माहितीपर पुस्तकं मोफत वाचता येतात. छायाचित्रांचं चांगलं पुस्तक इंग्रजीतच मिळालं तरी घ्या. मजकुरावर कागद लावायचा, मुलांनी चित्रं वाचायची आणि मजकूर तुम्ही मराठीत सांगायचा. माझ्या मते वाईट मराठी संकलनापेक्षा चांगलं इंग्रजी चित्रपुस्तक केव्हाही बरं.

पुस्तक हातात आलं की आधी मुद्रणपान पाहा. कोणत्या साली छापलं, लेखक कोण, छायाचित्रं कुणाची, ती कुठे आणि कधी काढली? जपानच्या बाबतीत पुस्तकाचं वय ओळखायच्या काही सोप्या खुणा आहेत. सम्राट म्हणून आकिहितो यांचं नाव असेल तर मजकूर ३० एप्रिल २०१९ च्या आधीचा. १ मे २०१९ पासून नारुहितो सम्राट आहेत. दहा हजार येनच्या नोटेवर फुकुझावा युकिची दिसत असतील तर पुस्तक जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा येण्यापूर्वीचं. लोकसंख्या पावणेतेरा कोटींच्या पुढे दिली असेल तर आकडा बराच जुना. आता ती साडेबारा कोटींच्याही खाली आली आहे आणि उतरतेच आहे.

जुनं पुस्तक टाकून द्यायची गरज नाही. त्याच्या आतल्या पानावर पेन्सिलीने ‘हे अमुक सालचं जपान’ असं ठळक लिहून ठेवा. मराठी विश्वकोशातली जपानवरची नोंद अशीच वापरावी: भूगोल आणि इतिहासासाठी उपयोगी, आकडेवारीसाठी नाही.

इशारा: ‘तोत्तोचान’ वाचून मुलं हमखास समजतात, की जपानमधल्या शाळा रेल्वेच्या डब्यात भरतात. मोठी माणसंही त्या शाळेला ‘जपानची शिक्षणपद्धत’ म्हणतात. पुस्तकातली तोमोए ही सोसाकू कोबायाशी यांची, रेल्वेच्या डब्यांत भरणारी अगदी वेगळी, छोटी शाळा होती. त्या काळातल्या इतर जपानी शाळाही तशा नव्हत्या. १९४५ च्या हवाई हल्ल्यात ती जळाली. पुस्तक वाचायला देण्यापूर्वी हे सांगा, नंतर नको.

टप्पा ३: आधी स्वतः वाचा

सगळी पुस्तकं मुलांसमोर उघडण्याआधी तुम्ही वाचलेली असली पाहिजेत. वाचताना तीन प्रकारच्या जागी चिठ्ठ्या लावा: जिथे मुलं अडतील, जिथे दोन पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत आणि जिथे लेखक ‘सगळे जपानी’ असं म्हणून मोकळा होतो. पुढच्या टप्प्यांना लागणारं साहित्य या चिठ्ठ्यांतूनच मिळतं.

नावांचे उच्चारही आधीच पाहून ठेवा. जपानी शब्द देवनागरीत बऱ्यापैकी नीट लिहिता येतात: क्युशोकू (शाळेतलं जेवण), सोजी (साफसफाई), रान्दोसेरू (प्राथमिक शाळेतलं टणक दप्तर). इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने वाचू नका.

टप्पा ४: मुलांच्या डोक्यात काय आहे ते कागदावर उतरवा

पहिल्या दिवशी पुस्तकं पिशवीतच राहू द्या. मोठा कागद भिंतीवर लावा आणि विचारा: जपानबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, आणि ते कुठून कळलं? दुसरा प्रश्न विसरू नका.

उत्तरं येतील ती डोरेमॉन आणि शिनचॅनमधून, निन्जाच्या खेळांमधून आणि घरच्यांच्या व्हॉट्सॲपवरून. ‘नोबिताच्या घरी जमिनीवर झोपतात’, ‘जपानमध्ये चौथीपर्यंत परीक्षाच नसतात’, ‘तिथे शाळेत सफाई कामगार नसतात’. जसं सांगतील तसं लिहून घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याचं उगमस्थान लिहा. काहीही दुरुस्त करू नका. ‘चूक’ म्हणून एकदा खोडलं, की पुढच्या वेळी तो मुलगा बोलत नाही.

डोरेमॉनला कमी लेखू नका. ती मालिका मुलांना एका जपानी घराच्या आत घेऊन गेलेली असते. फक्त ते घर आजचं नाही. ही चित्रकथा १९७० च्या सुमाराला सुरू झाली. मोकळ्या जागेत रचून ठेवलेले सिमेंटचे पाइप, ज्यांवर बसून ती मुलं गप्पा मारतात, ते त्या काळच्या वाढत्या टोकियोचं दृश्य आहे. पुढे छायाचित्रांच्या पुस्तकात आजचं टोकियो पाहताना मुलांना हे पाइप शोधायला सांगा.

टप्पा ५: नकाशा, पण दहाच मिनिटं

जपानचं क्षेत्रफळ सुमारे ३.७८ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं ३.०८ लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, म्हणजे जपानच्या बरीच जवळ. एवढी तुलना मुलांना पुरते. त्यात भर म्हणून सांगा, की जपानची सुमारे दोन तृतीयांश जमीन जंगलाने व्यापलेली आहे. मग माणसं कुठे राहत असतील, हे त्यांना नकाशावर शोधू द्या.

होक्काइदो, होन्शू, शिकोकू, क्यूशू ही चार मोठी बेटं आणि दूर दक्षिणेला ओकिनावा दाखवा. उत्तरेला बर्फ साचतो, तेव्हाही ओकिनावात हवा उबदार असते. शेवटी घड्याळ: जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपल्याकडे सकाळचे पावणेनऊ वाजलेले असतात तेव्हा तिथे सव्वाबारा वाजलेले, म्हणजे शाळेत जेवणाची वेळ.

टप्पा ६: पहिलं वाचन, आधी चित्र आणि मग मजकूर

सगळ्यात जास्त घाई इथेच होते. पुस्तक उघडलं की मोठी माणसं वाचायला लागतात आणि मुलं ऐकायला. मग चित्राकडे कुणी पाहतच नाही.

एक छायाचित्र निवडा आणि त्याखालची ओळ कागदाने झाका. समजा, वर्गातल्या जेवणाचं चित्र आहे. टेबलं जोडून मुलं बसली आहेत. पुढे तीन-चार मुलं पांढरे झगे, पांढऱ्या टोप्या आणि तोंडाला मास्क लावून उभी आहेत आणि मोठ्या भांड्यातून पळीने सूप वाढताहेत. ट्रेमध्ये भात, सूप, एक भाजी-माशाचा पदार्थ आणि दूध. आता याच क्रमाने तीन प्रश्न विचारा:

१. काय काय दिसतंय?
२. कशावरून म्हणता?
३. या चित्रात काय दिसत नाही?

पांढऱ्या झग्यातली मुलं कोण, यावर पहिल्या फेरीत ‘डॉक्टर’ असं उत्तर येतंच. येऊ द्या. ‘कशावरून?’ विचारलं की दुसरंच कुणीतरी म्हणतं, ‘पण त्यांची उंची तर बाकीच्यांएवढीच आहे.’ ती वर्गातलीच मुलं आहेत आणि वाढायची त्यांची पाळी आहे, हे मुलांना स्वतः सापडलं पाहिजे. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. स्वयंपाक करणारी माणसं दिसत नाहीत. ज्या मुलाला ते जेवण आवडलं नाही, तो दिसत नाही. चित्र कुणी काढलं, तेही दिसत नाही. ही मुलं फोटोसाठी नीट बसली असतील का, असंही एखादं मूल विचारतं. असा प्रश्न आला की त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असं समजा.

यानंतरच कागद काढून ओळ वाचा, मग पान वाचा. मुलांच्या वहीत तीन रकाने आखून घ्या: ‘पुस्तकात काय म्हटलंय’, ‘कोण, कुठे, कधी’ आणि ‘माझा प्रश्न’. एका तासात दोन पानांपेक्षा जास्त वाचू नका.

इशारा: ‘ई, हे काय खातात!’ असा सूर निघाला तर रागावू नका आणि उपदेशही करू नका. बोंबील, सुकट किंवा खरवस पहिल्यांदा पाहणारं परक्या देशातलं मूल काय म्हणेल, एवढं विचारा आणि पुढे चला.

टप्पा ७: दोन पुस्तकं शेजारी ठेवा

एकच पुस्तक वाचणारं मूल त्यातलं सगळं खरं मानतं. दुसरं शेजारी आलं की ते तपासायला शिकतं. भिंतीवरच्या कागदावरचं एक वाक्य घ्या: ‘तिथे शाळेत सफाई कामगार नसतात.’ पुस्तकांतून शोधल्यावर दिसतं, की बहुतेक शाळांत मुलं रोज वर्ग, जिने, व्हरांडे साफ करतात. पण शाळेची देखभाल करणारे कर्मचारीही असतात. ‘चौथीपर्यंत परीक्षा नसतात’ हेही तसंच. प्राथमिक शाळेत वर्गचाचण्या असतात, आणि सहावीच्या मुलांची देशपातळीवरची चाचणी २००७ पासून होते आहे.

गोष्ट आणि माहिती यांतला फरक दाखवायला सादाको सासाकीचं उदाहरण फार चांगलं आहे. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. ल्युकेमियाने ती १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडवत होती. एका गाजलेल्या बालकादंबरीत ती ठरवलेल्या हजारांपैकी ६४४ पक्ष्यांवर थांबते आणि उरलेले मैत्रिणी पूर्ण करतात. तिच्या घरच्यांनी आणि हिरोशिमाच्या संग्रहालयाने दिलेली माहिती वेगळी आहे: तिने हजार पूर्ण केले आणि त्यापुढेही घड्या घालत राहिली. दोन्ही वाचून दाखवा आणि मुलांना विचारा, कादंबरीकाराला हा बदल का करावासा वाटला असेल? शाळकरी मुलांच्या पुढाकाराने निधी जमून १९५८ मध्ये हिरोशिमात तिचं स्मारक उभं राहिलं, हे सांगायला विसरू नका.

इशारा: दहा वर्षांखालच्या मुलांना हिरोशिमाची छायाचित्रं दाखवू नका. त्याहून मोठ्या मुलांसोबतही हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत काढू नका. बोलायला वेळ ठेवा.

टप्पा ८: ‘सगळे’ कुठे आलंय ते शोधा

मुलांना पेन्सिली द्या आणि पुस्तकाच्या झेरॉक्स पानांवर ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘जपानी लोक’ हे शब्द अधोरेखित करायला सांगा. मग प्रत्येक ठिकाणी विचारा: होक्काइदोतले आइनू लोक यात आले का? २०१९ च्या कायद्याने त्यांना मूळनिवासी म्हणून मान्यता मिळाली. त्यांची भाषा जपानीहून वेगळी आहे. ओकिनावाचे लोक आले का? १८७९ पर्यंत तिथे र्‍युक्यू हे वेगळं राज्य होतं. खेड्यातलं मूल आलं का? आणि टोकियोच्या एदोगावा भागात राहणारं भारतीय कुटुंबातलं मूल? तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. आपल्या महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. ‘जपानमध्ये राहणारा माणूस’ कसा दिसतो, याचं मुलांच्या मनातलं चित्र एवढ्याने बदलतं.

टप्पा ९: तुलना करा, टोमणा मारू नका

‘बघा, ती मुलं स्वतः वर्ग झाडतात, आणि तुम्ही?’ या एका वाक्याने आतापर्यंतची मेहनत वाया जाते. मुलांना कळतं, की हा सगळा खटाटोप आपल्याला बोलण्यासाठीच होता. मला ही चूक सगळ्यांत गंभीर वाटते, कारण ती चांगल्या मनाची माणसं करतात.

त्याऐवजी खरा प्रश्न विचारा: आपल्या वर्गात झाडू कोण मारतं? रोज मुलीच मारतात का? पाळी लावली तर कुणाच्या घरून तक्रार येईल, आणि का? आपल्याकडे झाडूला जात चिकटलेली आहे, हे सातवीतल्या मुलांना माहीत असतं. ते बोलायची संधी या विषयात मिळत असेल तर ती सोडू नका. मुलं बोलतील तसं ऐका. निष्कर्ष तुम्ही काढून देऊ नका.

टप्पा १०: हाताने काही, आणि उलटा प्रवास

कृती वाचनाच्या शेवटी येते, सुरुवातीला नाही. किमोनोची वेशभूषा स्पर्धा टाळा, त्यातून ठसेच पक्के होतात. दोन कृती उपयोगी पडतात.

पहिली, भूकंपाची तालीम. १९२३ च्या कान्तो भूकंपाची आठवण म्हणून जपानमध्ये १ सप्टेंबरला आपत्तीनिवारण दिन पाळतात आणि शाळांमध्ये तालमी होतात. बऱ्याच शाळांत मुलांच्या खुर्चीवरची उशी प्रसंगी डोक्यावर ओढायची टोपी होते. पुस्तकातल्या सूचना मुलांनी स्वतः वाचून वर्गात करून पाहाव्यात: बाकाखाली शिरा, डोकं झाका, बाकाचे पाय घट्ट धरा. मग घरी जाऊन मोठ्यांना किल्लारीच्या, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाबद्दल विचारावं. लातूर-धाराशिवकडच्या घरांत आठवणी अजून ताज्या आहेत.

दुसरी कृती जास्त महत्त्वाची. मुलांनी आठ पानांची माहितीपुस्तिका करायची: ‘आमच्या शाळेतला एक दिवस’. वाचणारं मूल जपानमधलं आहे आणि त्याला महाराष्ट्राबद्दल काहीच माहीत नाही, असं धरून लिहायचं. ‘परिपाठ’ म्हणजे काय, डब्यात भाकरी का आणि पोळी का, शाळा जूनमध्ये का सुरू होते (तिथे ती एप्रिलमध्ये सुरू होते) हे समजावताना त्यांना कळतं, की ‘आम्ही सगळे’ असं लिहिणं किती अवघड आहे. एकाच वर्गात डब्याचे पाच प्रकार निघतात, आणि कोणता लिहायचा यावर भांडण होतं. ते होऊ द्या.

तपासा, पुस्तिका शिवण्याआधी: प्रत्येक चित्राखाली ओळ आहे का? ‘कोण, कुठे, कधी’ कळतंय का? आतल्या पानावर साल आणि लिहिणाऱ्यांची नावं आहेत का?

त्यानंतर भिंतीवरचा कागद खाली उतरवा आणि मुलांनाच दुरुस्त करू द्या. जी वाक्यं खरी ठरली त्यांपुढे पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचं, जी चुकीची ठरली तिथे नवं वाक्य. काही वाक्यांचं उत्तर एकाही पुस्तकात सापडलेलं नसेल. ती वेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवून पुस्तकपेटीत त्या त्या पुस्तकात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा गट टप्पा चारला बसेल तेव्हा त्याच्या हातात आधीच काही प्रश्न असतील.